परघरचे शिक्षण आणि फिनलंडची माणसे



मालेच्या चालकांनी विषय निवडण्याचे काम आमच्यावर सोपवले, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. परदेशाविषयी बोलायचे म्हणजे प्रवासवर्णन सांगण्याचा मोह होतो, आणि प्रवासवर्णनाने श्रोत्यांची घटकाभर करमणूक झाली तरी हाती फारसे लागत नाही. तथापि गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न घेऊन अनेक आईबाप आमच्याकडे आले. मुलाला किंवा मुलीला वर्षभर परदेशी पाठवायचे आहे, तिथे एका कुटुंबात राहून शिकायचे आहे. पाठवावे की नाही? या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत देता येत नाही. ते आज तासाभरात देण्याचा प्रयत्न करतो.

परक्याच्या घरी राहून शिकणे आपल्याला नवे नाही. 'वार लावून जेवणे' म्हणजे काय, हे येथील वडीलधाऱ्या मंडळींना सांगावे लागणार नाही. पुण्यासारख्या शहरी शिकायला आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा काढी. कित्येक नामवंत माणसे अशा सात घरांच्या अन्नावर वाढली. पण त्यांच्या आठवणी वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. अन्न मिळे, घर मिळेच असे नाही. पान मांडले जाई, पण त्या पानावर बसलेल्या मुलाला आज घरून पत्र आले का, हे विचारणारे माणूस प्रत्येक घरी नसे. अन्न आणि घर यांत जे अंतर आहे, तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे असे समजावे.

आम्ही स्वतः १९८६ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, विद्यार्थ्यांची अदलाबदल करणाऱ्या एका संस्थेमार्फत फिनलंडला गेलो. तळ्यांच्या मुलुखातील एका लहान गावात, एका कुटुंबात, दहा महिने राहिलो. आईवडील, आमच्याहून वर्षाने लहान असा मुलगा आणि एक धाकटी मुलगी, असे ते चौघांचे घर. आम्हांला ठेवून घेण्याबद्दल त्यांना एक पैसा मिळत नव्हता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता देशाची थोडी ओळख. फिनलंड आकाराने महाराष्ट्राहून किंचित मोठा आहे. पण महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत सव्वाअकरा कोटींच्या घरात होती, आणि त्या देशात आजही सुमारे छप्पन्न लाखच माणसे राहतात. जमिनीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापला आहे. लहानमोठी तळी मोजली तर ती पावणेदोन लाखांच्या वर भरतात. दक्षिणेला हेलसिंकीत डिसेंबरात दिवस सहा तासांहूनही लहान असतो, आणि अगदी उत्तरेला सुमारे पन्नास दिवस सूर्य उगवतच नाही. जूनमध्ये याच्या उलट; तिथे तो मावळायचे नाव घेत नाही.

हा देश कित्येक शतके स्वीडनच्या अमलाखाली होता. १८०९ साली तो रशियाच्या झारकडे गेला आणि ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याचे स्वागत झाले ते यादवी युद्धाने. १९१८ च्या त्या यादवीत भावाने भावाला मारले. त्याच्याही मागे गेलो तर १८६६ ते १८६८ चा दुष्काळ लागतो. त्या दुष्काळात शंभरांतील आठ माणसे भुकेने आणि रोगाने दगावली, असे इतिहासकार सांगतात. पाइन झाडाची आतली साल वाळवून, दळून, पिठात मिसळून तिची भाकरी करीत. आज सुखी राष्ट्रांच्या जागतिक यादीत फिनलंड २०१८ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी पहिला आला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पण त्या सुखाच्या तळाशी ही सालीची भाकरी आहे, हे विसरून चालणार नाही.

यापुढे भाषेची गोष्ट. स्वीडिश ही राज्यकारभाराची आणि विद्वानांची भाषा होती; फिनिश ही शेतकऱ्यांची आणि मोलकरणींची. मिकाएल आग्रिकोला या धर्मगुरूने १५४३ च्या सुमारास फिनिशमधील पहिले अंकलिपीचे पुस्तक छापले खरे, पण त्यानंतर तीनशे वर्षे ही भाषा घरातच राहिली. तिला दिवाणखान्यात आणले एका डॉक्टराने. एलियास ल्योनरोत हा कायानी नावाच्या आडगावी जिल्हा-वैद्य होता. तो पायी, होडीने, बर्फावरून हिंडला आणि कारेलिया प्रांतातील अशिक्षित गायकांच्या तोंडची जुनी गाणी त्याने उतरून घेतली. त्यांची जुळणी करून त्याने १८३५ साली 'कालेवाला' हे महाकाव्य छापले. १८४९ ची वाढवलेली आवृत्ती तेवीस हजार ओळींच्या आसपास जाते. १८४० साली त्याने लोकगीतांचा आणखी एक संग्रह काढला, 'कांतेलेतार' नावाचा. त्यात बायकांची गाणी मोठ्या संख्येने आहेत. जात्यावर बसून आपल्या बायांनी ज्या ओव्या गायल्या, त्यांचे मोल आपल्याला फार उशिरा कळले. त्या देशाने मात्र अशा गाण्यांवर आपल्या राष्ट्राचा पाया घातला, आणि आज २८ फेब्रुवारी हा 'कालेवाला'चा दिवस म्हणून तिथे झेंडे लागतात.

ती भाषा कठीण असल्याचा बोलबाला आहे. तिच्यात पंधरा विभक्ती आहेत असे ऐकून इंग्रज विद्यार्थी घाबरतो. मराठी माणसाने घाबरू नये. 'तालो' म्हणजे घर. 'तालोस्सा' म्हणजे घरात. 'तालोस्ता' म्हणजे घरातून. आपण जसे शब्दाच्या शेपटीला प्रत्यय जोडतो, तसेच ते जोडतात. त्या भाषेत तो आणि ती असा भेद नाही. दोघांना एकच सर्वनाम. आईला 'ॲइती' म्हणतात, आणि हा शब्द तर आम्हांला पहिल्या दिवशीच पाठ झाला. आणखी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, उभ्या असलेल्या इमारतीला ते 'तालो' म्हणतात, पण आपण राहतो त्या घराला 'कोती'. आपण दोन्हींना घरच म्हणतो. त्या दोन शब्दांतले अंतर काटायला आम्हांला चार महिने लागले.

आता त्या घरात शिरू. पहिली गोष्ट आपल्यासारखीच. दारात जोडे काढायचे. दुसरी मात्र आपल्यासारखी नाही. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या माउलीने भिंतीवरचा एक कागद दाखवला. त्यावर वारांची यादी होती, आणि गुरुवारपुढे आमचे नाव लिहिले होते. गुरुवारी भांडी आमच्याकडे! श्रोतेहो, आमच्या घरी आम्ही जेवलेले ताट कधी उचलले नव्हते. अतिथी देवो भव हे पाठ केलेले. देवाला भांडी घासायला लावणारे हे कसले लोक, असे मनात आले. पुढे बर्फ पडला तेव्हा खोरे हाती आले. धाकटी मुलगी नऊ वर्षांची. तीही आपल्या वाट्याचे काम मुकाट्याने करी.

शाळेतही असेच नवल. जेवणाच्या सुट्टीत सर्व मुलांना शाळेतच गरम जेवण, तेही फुकट. हा कायदा तिथे १९४३ साली, म्हणजे युद्ध चालू असताना झाला, आणि १९४८ पासून तो सर्वत्र अमलात आला. ज्या वेळी देशाकडे काहीच नव्हते, त्या वेळी त्यांनी ठरवले की मुलांना जेवायला घालायचे. श्रीमंताचे मूल एका शाळेत आणि गरिबाचे दुसऱ्या, हा भेद १९६८ च्या कायद्याने काढला. १९७२ ते १९७७ या काळात, अगदी उत्तरेकडून सुरुवात करून, सर्वांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा झाली. शिक्षक होण्यास विद्यापीठाची उच्च पदवी लागते. २००० सालच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडची मुले वाचनात पहिली आली आणि जगभरचे शिक्षणतज्ज्ञ तिकडे धावले. पुढे ते गुण घसरले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आम्हांला त्या शाळेतले आठवते ते वेगळेच. शिक्षकाने प्रश्न विचारला की वर्ग गप्प बसे, आणि शिक्षकही गप्प बसे. अर्धा-एक मिनिट कोणी काही बोलत नसे. मग कोणीतरी विचार करून दोन वाक्ये बोले. ती शांतता कोणालाच खुपत नसे. आम्हांला मात्र ती असह्य होई.

आणि हीच शांतता घरात होती. आपल्या घरी चार माणसे जेवायला बसली की आठ विषय निघतात. तिथे जेवण सुरू होई, बटाटे पुढे सरकत, राईची काळी भाकरी पुढे सरके, आणि कोणी बोलत नसे. 'कृपया' या अर्थाचा वेगळा शब्दसुद्धा त्या भाषेत नाही. आम्ही शाकाहारी. कोणी विचारले नाही की तुला हे चालते का, ते आवडते का, आणखी वाढू का. आग्रह हा प्रकारच नाही. दोन महिन्यांत आमचा समज पक्का झाला की आम्ही यांना नकोसे झालो आहोत.

ऑक्टोबर संपता संपता घरून पत्र आले. आमची आजी वारली होती. पत्र यायला बारा-तेरा दिवस लागत. म्हणजे आम्ही ते वाचीत होतो तेव्हा दिवसकार्यही उरकले होते. तार केली नाही, कारण मुलगा परक्या मुलखात एकटा, तो करणार काय, असा वडिलांनी विचार केला असावा. ज्या आजीच्या मांडीवर आम्ही वाढलो, तिची बातमी आम्ही जेवणाच्या टेबलाशी मोडक्या इंग्रजीत सांगितली. मुलाने ती फिनिशमध्ये सांगितली. सर्व स्तब्ध झाले. त्या गृहस्थांनी आमच्याकडे एकदा पाहिले, उठले, कोट चढवला आणि बाहेर जाऊन लाकडे फोडू लागले. माउलीने आमच्यापुढे कॉफी ठेवली. कोणी जवळ घेतले नाही, कोणी एक शब्द बोलले नाही. बाहेरून कुऱ्हाडीचे घाव तासभर ऐकू येत होते.

त्या रात्री आम्ही वडिलांना पत्र लिहिले. ही माणसे दगडाची आहेत, मला परत बोलवा, असे त्यात होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आले. वडिलांनी लिहिले होते, यायचे असेल तर ये, तिकिटाचे पाहू. आमच्या घरची स्थिती आम्हांला ठाऊक होती. ते 'पाहू' म्हणजे काय विकून किंवा काय गहाण टाकून, हेही कळत होते. तरी आम्ही नाताळापूर्वी निघण्याचे ठरवले आणि त्या घरच्या मुलाला तसे सांगितले.

दुसऱ्या दिवशी ६ डिसेंबर, त्यांचा स्वातंत्र्यदिन. योगायोगाने शनिवार. त्या दिवशी सायंकाळी घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. त्या गावात मिरवणूक नव्हती, गुलाल नव्हता. शनिवार हा सौनाचाही वार. सौना म्हणजे वाफेने न्हाण्याची लाकडी खोली. त्या देशात सौनांची संख्या लाखांत मोजतात, आणि २०२० साली युनेस्कोने या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पण सौना हे नुसते न्हाणीघर नव्हे. पूर्वी बायका तिथेच बाळंत होत, कारण घरातली सर्वांत स्वच्छ आणि उबदार जागा तीच; आणि मेलेल्या माणसाला शेवटची अंघोळही तिथेच घालीत. तापल्या दगडांवर पाणी टाकले की जी वाफ उठते तिला ते 'ल्योऽल्यू' म्हणतात, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ प्राण असा आहे. तिथे मोठ्याने बोलत नाहीत, भांडत नाहीत.

त्या अंधाऱ्या खोलीत ते गृहस्थ, त्यांचा मुलगा आणि आम्ही बसलो होतो. बऱ्याच वेळाने ते बोलू लागले. मुलगा इंग्रजीत सांगत होता. त्यांनी जे सांगितले ते समजण्यासाठी त्या देशाच्या युद्धाची हकीकत थोडक्यात सांगायला हवी.

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत रशियाने फिनलंडवर स्वारी केली. साडेतीन महिने त्या लहान देशाने तोंड दिले, पण मार्च १९४० च्या तहात कारेलियाचा मोठा भाग द्यावा लागला. १९४१ साली पुन्हा युद्ध पेटले. तो मुलूख परत घेतला आणि निर्वासितांपैकी पुष्कळजण आपल्या जळक्या घरांकडे परतले. १९४४ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा गेला, तो कायमचा. सुमारे सव्वाचार लाख माणसे घरदार सोडून पश्चिमेकडे आली, म्हणजे देशातल्या दर नऊ माणसांत एक. त्यांना प्रथम उतरवले ते लोकांच्या घरांत, आणि मग १९४५ च्या कायद्याने इतरांच्या जमिनीतून जमीन काढून त्यांना दिली. आपल्याकडे १९४७ नंतर कल्याणच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

याच युद्धकाळात फिनलंडने आपली सुमारे सत्तर हजार मुले स्वीडनला पाठवली. बाँबपासून आणि उपासमारीपासून वाचावीत म्हणून. मुलाच्या गळ्यात नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी अडकवायची आणि आगगाडीत किंवा बोटीत बसवून द्यायचे. तिकडे अनोळखी स्वीडिश कुटुंबे त्यांना घरी नेत. हेतू चांगला, माणसेही बहुधा चांगली. पण चार-सहा वर्षांचे मूल दोन वर्षांत आपली भाषा विसरते. युद्ध संपल्यावर मुले परत आली तेव्हा कित्येकांना आपल्या आईचे बोलणे समजेना. काही हजार मुले परत आलीच नाहीत.

आमचे यजमान त्या सत्तर हजारांतले एक होते. त्यांचे गाव कारेलियातले. वडील १९४२ साली रणात पडले आणि गावच्या चर्चपाशी पुरले गेले. १९४४ मध्ये गाव सुटले; आईने परक्याच्या गोठ्यात काम धरले आणि सहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात चिठ्ठी बांधली. दक्षिण स्वीडनमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी तो दोन वर्षे राहिला. त्या घरची बाई फार मायाळू होती. ती रोज त्याला जवळ घेऊन त्याच्या मेलेल्या बापाविषयी काही बोले. भाषा कळत नसे, पण विषय कळे. तो हात सोडवून गोठ्यात पळून जाई आणि तिथे गाईच्या अंगाला टेकून उभा राही. पुढे तीच बाई त्याला आई वाटू लागली. आणि मग १९४६ साली तो परत आला. स्टेशनावर एक बाई रडत काहीतरी बोलत होती, आणि ती कोण हे त्याला लोकांनी सांगावे लागले.

इथवर आल्यावर मुलगा भाषांतर करायचा थांबला. आम्हांला वाटले त्याला इंग्रजी शब्द सुचत नाही. तसे नव्हते. तोही ही हकीकत पहिल्यांदाच ऐकत होता.

शेवटी ते म्हणाले ते असे. परक्या घरात भाकरीला काय म्हणतात हेही ठाऊक नसणे म्हणजे काय, हे मला माहीत आहे. म्हणून तुला घरी आणायचे ठरवले. तुझ्या आजीची बातमी आली तेव्हा मला बोलायचे होते. पण मला आठवले की मला कोणी बोलू नये असे वाटे. म्हणून तुला एकटे राहू द्यावे असे मी ठरवले, आणि बाहेर गेलो. ते चुकले असेल तर तसे सांग.

श्रोतेहो, जो माणूस तासभर लाकडे फोडीत होता तो आमच्यासाठी फोडीत होता, हे आम्हांला सहा आठवड्यांनी कळले. त्यानंतर एकेक गोष्ट उलगडत गेली. दर गुरुवारी त्या देशात घरोघरी वाटाण्याचे दाट सूप करतात, आणि त्यात डुकराचे मांस असते. आम्ही ते सूप दर गुरुवारी बिनदिक्कत खात होतो, कारण आमच्या सुपात मांस नसे. ते का नसते, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. पहिल्या आठवड्यापासून ती माउली आमच्यासाठी वेगळ्या लहान पातेल्यात सूप शिजवीत होती. तिने ते सांगितले नाही, आणि गुरुवारी भांडी आमच्याकडे असूनही ते दुसरे पातेले आमच्या ध्यानात आले नाही. आजीची बातमी आली त्या रात्री तिने गोड पाव भाजले होते. तिथल्या पावात वेलदोडा घालतात. आपल्या सह्याद्रीच्या उतारावर पिकणारा वेलदोडा त्या बर्फाच्या देशात घरोघरी असतो. तो वास आमच्या आजीच्या स्वयंपाकघराचा होता. आम्ही तेव्हा तो पाव तोंडातही घातला नव्हता.

आम्ही वडिलांना लिहिले की राहतो.

नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारीच अंधार पडू लागल्यावर, तिथे सारे गाव दफनभूमीकडे जाते. प्रत्येक कबरीवर मेणबत्ती लावतात; बर्फात शेकडो ज्योती तेवत असतात. ज्यांची माणसे दूर कुठे पुरली आहेत त्यांच्यासाठी दफनभूमीत वेगळा दगड असतो. कारेलियात राहिलेल्या मृतांसाठीही असतो. आमच्या यजमानांनी तिथे दोन मेणबत्त्या लावल्या. एक वडिलांची, ज्यांची कबर सरहद्दीपलीकडे राहिली. दुसरी स्वीडनमधल्या त्या बाईची. मग माउलीने पिशवीतून तिसरी मेणबत्ती काढून आमच्या हातात दिली. तिने काही म्हटले नाही, आणि या वेळी आम्हांलाही कोणी काही बोलावे असे वाटले नाही. घरी आल्यावर तांदळाची खीर होती. तिच्यात एकच बदाम लपवलेला असतो. ज्याला तो मिळेल तो भाग्यवान. तो धाकटीला मिळाला.

मार्चमध्ये एकदा शाळेतून परतताना आम्ही त्या मुलाला म्हणालो, चल, घरी जाऊ. तो हसला. आम्ही 'तालो' म्हटले नव्हते, 'कोती' म्हटले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाठवावे की नाही? आमचे उत्तर आहे, पाठवावे. पण काही गोष्टी जाणून.

पहिली गोष्ट, घर हे वसतिगृह नव्हे आणि हॉटेलही नव्हे. आता फिनलंडच्या विद्यापीठांत इंग्रजीतून पदवी घ्यायची तर युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून शुल्क भरावे लागते, आणि ते विद्यार्थी आपापल्या खोल्यांत राहतात. तो व्यवहार सरळ आहे. पण शाळकरी वयात जे मूल अशा अदलाबदलीतून एखाद्या कुटुंबात जाते ते त्या कुटुंबाला पैसे मोजून राहत नाही. म्हणून त्याने गिऱ्हाइकासारखे वागू नये. यादीत आपले नाव नसेल तर घालून घ्यावे. भांडी घासायला लावणे हा आमचा अपमान नव्हता. पाहुण्याला बसवून ठेवतात. घरच्या माणसाला काम देतात.

दुसरी गोष्ट, माया दाखवण्याची रीत देशोदेशी निराळी असते. आपण आग्रह करतो, ते आग्रह करीत नाहीत. आपली रीत अधिक चांगली असे आम्हांला आजही कधी कधी वाटते. जो देश दुःख बोलून दाखवीत नाही, त्याला त्याची किंमतही द्यावी लागते. एके काळी तिथे आत्महत्यांचे प्रमाण फार मोठे होते. १९८६ पासून दहा वर्षे सरकारने त्यावर देशव्यापी काम केले, आणि १९९० च्या मानाने ते प्रमाण आता निम्म्यावर आले आहे. म्हणजे बोलायला शिकणे त्यांनाही भाग पडले. तेव्हा त्यांचे सारे चांगले आणि आपले सारे वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मात्र निवाडा देण्यापूर्वी लहान पातेले कोणासाठी चुलीवर आहे, ते पाहावे.

तिसरी गोष्ट आईबापांसाठी. आमच्या वेळी पत्राला उत्तर यायला महिना लागे. त्या महिन्याने आम्हांला वाचवले. आज मुलाच्या खिशात फोन आहे. मंगळवारी रात्री त्याला वाईट वाटले की मंगळवारीच आईला कळते, आणि बुधवारी ती संस्थेला पत्र लिहिते. खरा त्रास असेल तर अवश्य धावून जावे. त्यात संकोच करू नये. पण नुसते वाईट वाटत असेल, तर 'ज्यांच्या टेबलाशी बसतोस त्यांना आधी सांग' एवढेच सांगावे. आम्ही ते दोन महिन्यांत सांगितले नाही, हा आमचा दोष होता.

शेवटची गोष्ट आपल्या सर्वांसाठी. ही अदलाबदल दुतर्फा असते. आपले मूल तिकडे जाते तेव्हा तिकडचे मूल इकडे यायला हवे असते, आणि त्याला घर मिळत नाही असा अनुभव आहे. घर लहान आहे, स्वयंपाक साधा आहे, इंग्रजी येत नाही, अशी कारणे आपण देतो. त्या माउलीलाही इंग्रजी येत नव्हते. तिच्याकडे एक जादा पातेले होते, तेवढ्यावर भागले. आपले यजमान काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मुलाने कळवले तेव्हा त्या पत्रात फारसे शब्द नव्हते, आणि आम्हांला ते कमी वाटले नाहीत.

तेव्हा या गावात असे एखादे मूल आले तर त्याला वार लावून देऊ नका, घर द्या. जेवताना दोन वेळा आग्रह करा, तिसऱ्यांदा सोडून द्या, आणि चौथ्या दिवशी त्याच्या हाती झाडू द्या.